बाग कागदावर उतरण्याआधी



घर बांधून होतं, वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात आणि मग घराभोवती उरलेल्या मोकळ्या जमिनीकडे घरच्यांचं लक्ष जातं. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि उत्साहही थोडा ओसरलेला असतो. मग एखाद्या रविवारी सगळे मिळून रोपवाटिकेत जातात, जे फुललेलं दिसेल ते टेम्पोत भरतात आणि संध्याकाळपर्यंत बाग तयार होते. तीन वर्षांनी त्याच घरी जावं, तर आंब्याची फांदी खिडकीत शिरलेली असते, गुलाबावर सावली आलेली असते, हिरवळीच्या जागी लव्हाळा माजलेला असतो आणि पाण्याच्या बिलावरून घरात कुरबुर सुरू झालेली असते.

हे टाळण्यासाठी आता बरीच माणसं बाग आखून देणाऱ्या जाणकाराची मदत घेतात. मी स्वतः बरीच वर्षं हेच काम करते. पण जाणकार बोलावला की सगळं आपोआप ठीक होतं असं नाही. बाग आखणं हे दोन्ही बाजूंनी करायचं काम आहे. त्यात घरच्यांचा वाटा किती मोठा असतो, हे मला एका घराने शिकवलं. आधी तेच सांगते.

पुण्याच्या एका उपनगरात बंगला होता. घरचा मुलगा आणि सून, दोघंही नोकरी करणारे. त्यांनी मला बोलावलं, आम्ही दिवाणखान्यात बसलो, त्यांनी काही चित्रं दाखवली. त्यांना समोर हिरवळ हवी होती आणि हिरवळीतून फाटकापर्यंत जाणारे सुटे दगड. मी आराखडा केला, त्यांना आवडला, काम झालं. तीन-चार महिन्यांनी झाडांची पाहणी करायला सकाळीच गेले, तेव्हा सायकलवरून आलेला मुलगा फाटकाला फुलपुडी अडकवून गेला. मला नवल वाटलं. मागच्या बाजूला पारिजातक, जास्वंद, तगर सगळं मी राखलं होतं, नवं लावलंही होतं. मग विकतची फुलं कशाला?

त्या घरात ऐंशीच्या घरातले आजोबा होते. रोज सकाळी परडी घेऊन पूजेची फुलं ते स्वतः तोडायचे. मी त्यांना विचारलं, “आजोबा, फुलं तोडायला जात नाही का हल्ली?” ते म्हणाले, “बाग छान केलीत हो ताई. खिडकीतून फार सुरेख दिसते.” यापुढे ते काही बोलले नाहीत. पण मला कळायचं ते कळलं. ते काठी घेऊन चालत. माझ्या सुट्या दगडांवर त्यांची काठी टेकत नव्हती. दोन दगडांमधल्या ओल्या गवतात ती रुतायची. पहिल्या भेटीच्या वेळी आजोबा आतल्या खोलीत होते. त्यांना बाहेर बोलवावं असं मला सुचलं नव्हतं आणि घरच्यांनाही सुचलं नव्हतं.

पुढे आम्ही ती वाट बदलली. ते शेवटी सांगेन. पण तेव्हापासून मी एक नियम केला. पहिल्या भेटीत घरातली सगळी माणसं समोर असल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही.

आता, कुणाला बोलवायचं, तिथून सुरुवात करू. माळी, रोपवाटिकावाले, बागेचा आराखडा करणारे आणि लँडस्केप आर्किटेक्ट ही वेगवेगळी माणसं आहेत. माळीबुवांना झाडांची निगा कळते आणि चांगल्या माळ्याच्या अनुभवाला पर्याय नाही. रोपवाटिकावाले रोपं विकतात आणि लावूनही देतात. आराखडा करणारा जागेचा एकत्र विचार करतो: वाट कुठे, सावली कुठे, पाणी कुठून येणार आणि पावसाचं पाणी कुठे जाणार. लँडस्केप आर्किटेक्टचं यातलं रीतसर शिक्षण झालेलं असतं. जमिनीला मोठा उतार असेल, भिंती बांधून पायऱ्या-पायऱ्यांनी जमीन सपाट करायची असेल, तर त्यांनाच गाठावं. जागा साधी, सपाट, लहान असेल तर अनुभवी आराखडाकार पुरतो. कुणाचंही काम ठरवण्याआधी त्यांनी केलेल्या दोन बागा प्रत्यक्ष पाहाव्यात. त्यांतली एक तरी किमान तीन वर्षं जुनी असावी. नव्या कोऱ्या बागा सगळ्याच सुंदर दिसतात.

बोलवायचं कधी? शक्य असेल तर घराचे नकाशे होत असतानाच. सेप्टिक टँक, पाण्याची जमिनीखालची टाकी, ड्रेनेजची चेंबरं, विजेची केबल या सगळ्या गोष्टी बागेच्या जागेतच येतात. त्या कुठेही टाकून झाल्या, की झाडांना उरेल ती जागा घ्यावी लागते. बाहेरचा नळ कुठे काढायचा, दिव्यासाठी नळी फरशीखालून आधीच टाकून ठेवायची का, हे त्याच वेळी ठरलं तर खर्च थोडा येतो. नंतर तीच फरशी फोडावी लागते. दुसरं म्हणजे बांधकामाचा राडारोडा. विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा, टाइल्सचे तुकडे बहुतेक ठिकाणी घराभोवतीच पसरले जातात आणि वरून चार इंच लाल माती टाकली जाते. त्या मातीत लावलेलं झाड पहिलं वर्ष तग धरतं आणि मुळं खाली पोचली की सुकायला लागतं. जमिनीचा वरचा चांगला थर बांधकामाआधी काढून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवावा आणि शेवटी परत पसरावा. याला फारसा खर्च येत नाही.

पहिल्या भेटीआधी घरच्यांनी थोडा गृहपाठ करावा. एका वहीत आठवडाभर नोंद ठेवावी. घरातलं कोण, किती वाजता, कशासाठी बाहेर येतं? सकाळचा चहा कुठे घेतला जातो? कपडे कुठे वाळतात? मुलं कुठे खेळतात, सायकली कुठे लागतात? तुळशीवृंदावन कोणत्या दारासमोर हवं? उन्हाळ्यात पापड-कुरडया घालायला ऊन असलेला ओटा लागतो का? गणपतीत मांडव कुठे पडतो? कुत्रं आहे का? बागेसाठी रोज किती वेळ देणं खरोखर जमेल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं. रोज अर्धा तास म्हणून सांगायचं आणि रविवारीसुद्धा फिरकायचं नाही, यात नुकसान आपलंच आहे. आठवड्यातून एकदा माळी येणार असेल तर तसं सांगावं. बाग त्या हिशेबाने आखता येते.

मग जागेचा अभ्यास येतो. पहिली गोष्ट ऊन. आपल्याकडे पूर्व-पश्चिम सगळेच पाहतात, पण उत्तर बाजूची गंमत लक्षात घेत नाहीत. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे घराच्या उत्तरेच्या जागेला उन्हाळ्यात कडक ऊन मिळतं. डिसेंबरमध्ये मात्र बावीस-पंचवीस फूट उंच दुमजली घराची दुपारची सावली उत्तरेला वीस-बावीस फूट पडते. त्या पट्ट्यात थंडीभर ऊनच येत नाही. तिथे गुलाब आणि शेवंती लावून ‘फुलत का नाही’ म्हणून खत घालत बसणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार या वेळी ऊन कुठे आहे याच्या खुणा करून ठेवाव्यात. एक नोंद उन्हाळ्यातली आणि एक थंडीतली असेल तर फारच उत्तम.

दुसरी गोष्ट माती. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करा. पाण्याने भरा, ते पूर्ण जिरलं की पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळेकडे लक्ष ठेवा. काही तासांत पाणी जिरलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसलं, तर निचऱ्याची व्यवस्था आराखड्यात आधी यायला हवी, झाडं नंतर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पक्का पाया न करता फरशी बसवली, तर दोन पावसाळ्यांत ती वरखाली होते. घराजवळच्या फरशीला भिंतीपासून दूर जाणारा उतार हवा, शंभर फुटांना एक फूट तरी. आणि बागेची माती भरताना ती जोत्याच्या पातळीपेक्षा किमान सहा इंच खाली राहू द्या, नाहीतर भिंतींना ओल येते. हा दोष बागेतून येतो, पण रंगारी बोलावला जातो.

तिसरी गोष्ट पाणी, आणि इथे हिशेब मांडावाच लागतो. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे शंभर चौरस मीटरची, सुमारे अकराशे चौरस फुटांची हिरवळ रोज पाचशे ते सहाशे लिटर पाणी पिते. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याचा शासकीय संकेत आहे. त्या हिशेबाने ही हिरवळ म्हणजे घरात चार माणसं वाढली. बोअरचं पाणी एप्रिलमध्ये आटत असेल, टँकर मागवावा लागत असेल, तर हा आकडा घरच्यांनी आराखडाकाराला विचारायचा आहे आणि त्याने तो न लपवता सांगायचा आहे. मी हिरवळीच्या विरोधात नाही. लहान मुलांना लोळायला, संध्याकाळी बसायला दोनशे चौरस फुटांचा तुकडा पुष्कळ होतो. उरलेल्या जागेत झुडपं, वेली आणि झाडांखाली पसरणारी सावलीतली रोपं लावली आणि ठिबकने पाणी दिलं तर गरज खूप कमी होते. आणि छपरावरचं पाणी विसरू नका. शंभर चौरस मीटरच्या छतावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडलं तरी पन्नास हजार लिटर हाताशी राहतं. ते गटारात सोडायचं, शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवायचं की टाकीत साठवायचं, हे बागेच्या आराखड्यातच ठरतं.

चौथी गोष्ट, आधीची झाडं. आराखडा कितीही देखणा असला तरी जागेवर उभं असलेलं मोठं झाड हा पहिला मुद्दा धरावा. ते उभं राहायला पंचवीस वर्षं लागलेली असतात. शिवाय शहरी भागात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. त्यासाठी १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष दर्जा मिळाला आहे. झाड राखायचं ठरलं, तर त्याच्या बुंध्याभोवती मातीची भर घालू नये आणि फरशी बुंध्यापर्यंत नेऊ नये. मुळांना हवा आणि पाणी मिळायला हवं.

हे सगळं झालं की आराखडाकार कागद पुढे ठेवतो. पहिल्या कागदावर झाडांची नावं नसावीत. तिथे फक्त जागांची वाटणी असावी: इथे बसायचं, इथून जायचं, इथे भाजीचे वाफे, इथे गाडी. हे पटलं की दुसरा कागद येतो. त्यात मापं, पातळ्या, नळ, दिवे आणि निचरा असतो. झाडांचा नकाशा तिसरा. त्या नकाशात झाडाचं वर्तुळ पूर्ण वाढ झाल्यावरचं काढलं आहे ना, हे विचारा. आंब्याचं रोप तीन फुटांचं असतं, पण दोन आंब्यांमध्ये दहा मीटर अंतर ठेवायची पूर्वापार पद्धत आहे. वड, पिंपळ, उंबर ही झाडं थोर आहेत, पण टाकी आणि ड्रेनेजजवळ त्यांची जागा नाही. पिवळ्या कण्हेरीच्या बिया अतिशय विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर ती लावूच नये. छोटं कमळाचं कुंड हवं असेल तर त्यात गप्पी मासे हवेतच, नाहीतर डासांची पैदास ठरलेली.

नकाशा वाचता येत नाही म्हणून संकोचू नका. पुष्कळांना येत नाही. मान डोलावून सही करण्यापेक्षा एक सोपं काम करा. कबड्डीचं मैदान आखतात तशी दोरी लावून, फक्कीने तो नकाशा जमिनीवर आखून घ्या. मग घरातल्या प्रत्येकाने त्या आखलेल्या वाटेवरून चालायचं. दोन माणसं शेजारी शेजारी चालायची तर चार-पाच फूट वाट लागते. एकट्याला तीन फूट पुरते. चाकाची खुर्ची न्यायची असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. कागदावर ऐसपैस वाटलेली बसण्याची जागा चार खुर्च्या ठेवल्या की भरून जाते, हे फक्की मारल्यावर पाच मिनिटांत कळतं. फक्की पुसता येते, काँक्रीट पुसता येत नाही.

आराखडा करणाऱ्याचा हा संवाद जुना आहे. इंग्लंडमध्ये हंफ्री रेप्टन नावाचा बाग आखणारा होऊन गेला. त्याने १७८८ साली हा व्यवसाय सुरू केला. तो गिऱ्हाइकाला लाल कातडी बांधणीची एक वही करून देई. तीत आज दिसते तशी जागा रंगवलेली असे आणि चित्रावरची कागदी झडप उचलली की बदललेली जागा दिसे. त्याच्या आधीचा गाजलेला बागरचनाकार केपेबिलिटी ब्राऊन कामाचं कंत्राटही स्वतः घेत असे. रेप्टन मात्र बहुतेक वेळा सल्ल्याचेच पैसे घेई. या दोन पद्धती आपल्याकडे आजही आहेत. ‘आराखडा फुकट, झाडं मात्र आमच्याकडून’ असं कुणी म्हणालं, तर आराखड्याची किंमत झाडांमध्ये धरली आहे हे समजून घ्यावं आणि झाडांची संख्या वाढत तर नाही ना, हे पाहावं. दोन्ही कामं एकाकडे देण्यात गैर काही नाही. पण आराखड्याचे पैसे वेगळे, कामाचे वेगळे, आणि प्रत्येक वस्तूचं माप, संख्या, दर कागदावर असावं. रोपाची उंची आणि पिशवीचा आकारही लिहून घ्यावा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचा ठरवलं, तर निचरा खरा की खोटा हेही कळतं. मेलेली रोपं किती महिन्यांपर्यंत बदलून मिळतील, हे आधीच ठरवावं.

सगळं एकाच वर्षी करायला हवं असंही नाही. पहिल्या वर्षी पातळ्या, निचरा, नळ, मुख्य वाट आणि मोठी झाडं करावीत. झाडांना वाढायला वेळ लागतो, म्हणून ती आधी. पाऊस सुरू झाला की लावावीत. दुसऱ्या वर्षी झुडपं आणि वेली. बसायचा कट्टा आणि दिवे तिसऱ्या वर्षी केले तरी चालतात. मधल्या काळात घरच्यांनाही कळतं की आपण खरंच कुठे बसतो. तीन वर्षांचा एक आराखडा असला तर तुकड्यातुकड्याने केलेलं कामही शेवटी एकसंध होतं.

रेप्टनची आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १८११ साली गाडीच्या अपघातात त्याच्या पाठीला दुखापत झाली आणि पुढे त्याला चाकाची खुर्ची वापरावी लागली. आयुष्यभर मोठमोठी उद्यानं आखणाऱ्या या माणसाने १८१६ सालच्या आपल्या पुस्तकात उंचावलेले वाफे सुचवले. वाकता न येणाऱ्या माणसालाही स्ट्रॉबेरी खुडता यावी, एवढ्यासाठी. स्वतः खुर्चीत बसल्यावर त्याला जे दिसलं, ते मला आजोबांच्या फुलपुडीने दाखवलं.

त्या घरी आम्ही पुढे काय केलं? हिरवळीतले सुटे दगड काढले. मागच्या दारापासून पारिजातकापर्यंत चार फूट रुंदीची, खडबडीत फरशीची सलग वाट केली. एका बाजूला हाताला येईल असा कठडा केला. जास्वंद आणि तगर वाटेच्या कडेला, हात पुढे केला की फूल मिळेल अशी आणली. मध्यावर एक बाकडं ठेवलं. पारिजातकाच्या खाली कमरेइतका कट्टा करून घेतला. पहाटे फुलं खाली पडतात, ती जमिनीवरून वेचायला वाकावं लागू नये म्हणून. कट्ट्यावर पडतील तेवढी आजोबांची, जमिनीवरची नातवंडांची, असं आजोबांनीच ठरवून टाकलं.

या बदलाचा खर्च मी घेतला नाही, कारण चूक माझी होती. पण पहिल्याच दिवशी कुणी आजोबांना हाक मारून बाहेर बोलावलं असतं, तर ती चूक झाली नसती. म्हणून तुमच्या घरी बागेचा आराखडा करायला कुणी आलं, तर चहा ठेवण्याआधी आतल्या खोलीत एकदा हाक मारा. जे सगळ्यांत कमी बोलतात, त्यांना सगळ्यांत आधी बोलू द्या.

आठवडाभराने मी पुन्हा गेले, तेव्हा फाटकाला फुलपुडी नव्हती.